सोलो बाईक ट्रिप अन् सोबत टेन्ट: विदर्भात रात्री लावायचा कुठं?

पांढरंसोनं (दारव्हा):
राम राम मंडळी. डिसेंबरात कापसाचा दुसरा वेचा आटोपला का आठेक दिवस मोकळे भेटून रायले, बाबा हाव म्हणाले, आई अजून काही बोलली नाही म्हणजे नाहीच समजा. तर विचार असा का बाईक काढायची, एकट्यानंच, अन् विदर्भातल्या विदर्भात फिरायचं. कच्चा रूट असा आहे, दारव्हा यवतमाळ वर्धा, नागपूर बायपासनं रामटेक, तिथून पेंचकडं सिल्लारी, मग भंडारा साकोली नवेगावबांध, अन् येताना वडसा ब्रह्मपुरी नागभीड चिमूर वरोरा वणी करत घरी. गाडी १२५ सीसी, जुनी आहे पण दम आहे.

प्रश्न मुक्कामाचा आहे. यूट्यूबवर ते अमेरिकेतले व्हिडिओ पाहून पाहून डोकं फिरलं माझं, एकटा माणूस गाडी घेऊन स्टेट पार्कात जाते, खांबावर नंबर टाकलेली जागा, लाकडी टेबल, लोखंडी कडं ठोकलेली चूल, पैसे पाकिटात घालून पेटीत टाकले का झालं, ना लाईट ना टीव्ही, नुसतं जंगल. असं काही आपल्याकडं आहे का? का तलावाच्या पाळीवर, जंगलाच्या कडेला गपचूप टेन्ट लावला तं चालते? टेन्ट घेऊन ठेवला आहे, दोन माणसांचा, तीन-चार हजाराच्या आतला. अजून वावरातच लावून पाहिला, कुत्रा आत झोपला.

नुसता_वाचतो:
हाटेल घे न भाऊ. थंडीत कुठं कुडकुडत बसतो बे.

बीटगार्डचा_पोरगा (सिंदेवाही):
वरच्या भाऊची गंमत सोडा, पण मी सरळच सांगतो, गपचूप वगैरे डोक्यातून काढून टाक. अभयारण्यात किंवा नॅशनल पार्कात परवानगीशिवाय नुसतं पाऊल टाकणं हाच १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे, टेन्ट अन् चूल तर दूरच. राखीव जंगलाला १९२७ चा वन कायदा आहे, तिथं आग पेटवली तर अजून वेगळं कलम. त्यातही १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा वणव्याचा सीझन असतो, त्या काळात जंगलाच्या कडेला तुझी शेकोटी दिसली तर गार्ड चहा प्यायला येणार नाही. तू डिसेंबरात चालला म्हणून हे जरा हलकं, पण नियम तोच.

वनखात्याची राहायची सोय आहे, नाही असं नाही. सिल्लारीला आहे, ताडोब्याच्या मोहर्लीला आहे, मेळघाटात सेमाडोह कोलकासला आहे, पण ती खोली नाहीतर डॉर्मिटरी, आधी ऑनलाईन बुक करून जायची. काही ठिकाणी टेन्ट म्हणतात तो पक्क्या चौथऱ्यावरचा पलंग-पंखा असलेला टेन्ट. स्वतःचा टेन्ट घेऊन आलो, जागा द्या, असं म्हटलं तर काउंटरवरचा माणूस तुझ्याकडं पाहत राहील. अन् एक ध्यानात ठेव, बाईक घेऊन सफारीला आत जाता येत नाही, जिप्सीच करावी लागते, एकट्याला ती परवडत नाही, गेटवर कोणी शेअर करतं का ते विचारायचं. ताडोब्याचा कोर, म्हणजे आतला मुख्य भाग, मंगळवारी बंद असतो.

आता मुद्द्याचं. तुझ्या रूटचा येतानाचा टप्पा, वडसा ते चिमूर, हाच सगळ्यात बेकार आहे मुक्कामाला. लोक समजतात वाघ म्हणजे ताडोबा. ब्रह्मपुरी वनविभागाचा बराचसा भाग अभयारण्य नाही, तिथं गेट नाही, तिकीट नाही, अन् वाघ मात्र भरपूर. झुडपी जंगल, मधात धानाचं वावर, मधात गाव, मधात नाला, वाघ त्याच्यातूनच फिरतो. दरवर्षी माणसं जातात आमच्याकडं, मोहफूल अन् तेंदूपत्त्याच्या दिवसांत जास्त, पण हिवाळ्यात धान कापणीलाही जातात. तुला नागभीडजवळचा घोडाझरी तलाव दिसेल, इंग्रजांच्या काळातला, संध्याकाळी असा काही दिसतो की कोणालाही वाटेल इथंच टेन्ट ठोकावा. २०१८ पासून तो भाग अभयारण्य आहे. दिवसा पाहा, फोटो काढ, नीघ. या पट्ट्यात टेन्ट बॅगेतून काढायचाच नाही, गावात लॉज बघ.

साकोलीकर:
बीटगार्डच्या पोराचं शंभर टक्के बरोबर हाय. पण टेन्ट घरी ठेवून जा असं मी म्हननार नाही. आपल्याकडं टेन्ट जंगलाजवळ लावायचाच नसते, मानसाजवळ लावायचा असते. एवढं ध्यानात घेतलं का मग लय जागा हायेत.

आमच्या भंडारा-गोंदियात जा, दर गावाले तलाव. मामा तलाव म्हनतो आमी, माजी मालगुजारी तलाव, कोहळी लोकायनं बांधलेले, अडीच-तीनशे वर्षांपासून त्याच्यावर धान पिकून रायला. नवेगावचा बांधही त्यातलाच. पाळीवर टेन्ट लावू नको, पाळीच्या बिळायनं घोणस असते अन् रात्री पानी प्यायले काय येईन सांगता येत नाही. गावाच्या बाजूनं ये. पाच वाजताच्या आत गावात पोच, टपरीवर चा घे, अन् सरळ विचार, दादा एक रात्र टेन्ट लावाचा हाय, कोनाच्या खळ्यावर जागा भेटन का. डिसेंबरात धान चुरून खळं मोकळं झालेलं असते, शेनानं सारवलेलं, सपाट, त्याच्यासारखी टेन्टची जागा साऱ्या दुनियेत नाही. बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, लावशीन तं कापलेल्या धानाचे खुंट टेन्टच्या बुडातून वर येतेत, पाठीले टोचतेत ते वेगळं अन् कापड फाटते ते वेगळं.

खालून तणस, म्हणजे धानाचा पेंढा, टाक. वीतभर जाड पसर, त्याच्यावर ताडपत्री, त्याच्यावर टेन्ट. ती फोमची गुंडाळी कायले नेतं? तणसीवर ऊब इतकी रायते का सकाळी उठावंसं वाटत नाही. फक्त जुन्या ढिगाच्या बुडातून ओढू नको, विंचू तिथंच असते, वरून घे, झटकून घे. तुमच्या कापसाच्या पट्ट्यात तणस भेटन नाही, सोयाबीनचं कुटार भेटन, ते चुकूनही नको, रातभर खाजवत बसशीन.

अन् सर्वात मोठी गोष्ट, वाघापेक्षा मोठी. रात्री लघवीले म्हनून अंधारात वावराच्या बांधावरनं फिराचं नाही. रानडुकरायसाठी लोक तारेत करंट सोडतेत. कायद्यानं बंदी हाय, तरी सोडतेत, दरवर्षी मानसं मरतेत, वाघ मरतेत. तार बारीक रायते, दिसत नाही. टेन्ट लावाच्या आधीच मालकाले तोंडानं विचार, दादा आसपास तार तं नाही लावली? तो हाव-नाही काय म्हनते ते पाय, अन् हाव म्हनला तं दुसरी जागा.

पांढरंसोनं (दारव्हा):
साकोलीकर काका, करंटचं आमच्याकडंही तेच आहे, पण आपलं वावर माहीत असते म्हणून डोक्यात आलं नव्हतं. बीटगार्ड भाऊ, तो टप्पा एका दमात दिवसा काढतो मग.

पण एक शंका. खळ्यावर, अंगणातच झोपायचं तर मग टेन्ट नेऊन मतलब काय? मले तं ते एकटेपण पायजे होतं, थोडं शांत, कोणी काही विचारून नाही रायलं असं. घरी तेरा माणसं आहेत बापा.

आर्वीकर_मिशिगन:
तेरा माणसं वाचून हसलो, आमच्या आर्वीच्या घरी तेच होतं. मी डेट्रॉईटजवळ राहतो आता, अन् तू जे व्हिडिओ पाहतो तसं एकट्यानं फिरणं बरंच केलं आहे, म्हणून तिथली खरी गोष्ट सांगतो, व्हिडिओत कापून टाकतात ती.

तिथं रस्टिक कॅम्पग्राउंड म्हणजे वीज नाही, शॉवर नाही, पाण्याला हापसा, अन् संडास म्हणजे खोल खड्ड्यावरची सिमेंटची खोली, फ्लश नाही. उन्हाळ्यात दुपारी त्या खोलीत जाऊन दाखव. टेबल अन् आगीचं कडं मात्र प्रत्येक जागेला. मिशिगनमध्ये स्टेट पार्कात गाडी न्यायला नंबरप्लेटच्या रजिस्ट्रेशनसोबतच पार्कचा पास घेता येतो, कॅम्पचं भाडं वेगळं, रस्टिक जागा बाकीपेक्षा स्वस्त, वीसेक डॉलर धर. रात्री दहा ते सकाळी आठ आवाज बंद, आणि लोक पाळतात. सुपिरियर तलावाच्या काठी पॉर्क्युपाईन माउंटन्स म्हणून पार्क आहे, तिथं मी ऑक्टोबरात एकटा राहिलो, शेजारच्या दोन जागा रिकाम्या, झाडं लाल-पिवळी, रात्री लाटांचा आवाज. पहिले दोन तास भारी वाटलं. नंतर प्रत्येक काडी मोडली की अस्वल. तिथलं काळं अस्वल सहसा माणसाला पाहून पळतं, त्याला तुझ्या खाण्यात रस असतो, म्हणून खाणं, साबण, टूथपेस्टसुद्धा गाडीत बंद करून ठेवायची. आपलं अस्वल तसं नाही, ते दचकलं की अंगावर येतं, हे तुला सांगायला नको.

लाकूड घरून आणू नका असं सांगतात, ही गोष्ट मला सगळ्यात नवल वाटली. २००२ साली डेट्रॉईटच्या आसपास एक हिरवा किडा सापडला, अ‍ॅश नावाच्या झाडांना पोखरणारा, लोकांच्या सरपणासोबत तो गावोगाव गेला आणि कोट्यवधी झाडं वाळली. म्हणून सरपण जिथं जाळायचं तिथंच विकत घ्यायचं. बोंडअळी पाहिलेल्या माणसाला हे पटकन समजतं.

तर तिथं हे सगळं चालतं कारण सरकारनं ती जागा त्यासाठीच राखली आहे, रेंजर फेरी मारतो, पाटी आहे, नियम आहेत. आपल्याकडं जंगल आधी प्राण्यांचं, मग त्यात राहणाऱ्या लोकांचं, टुरिस्ट तिसरा. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण एकटेपणाचं म्हणशील तर ते रात्रीच पाहिजे असं थोडंच आहे, दिवसभर हेल्मेटमध्ये तू एकटाच असतो. रात्री लोक आजूबाजूला असले की झोप तरी लागते.

रानपाखरू (चिमूर):
या धाग्यावर बाई म्हणून मीच दिसते, तर लिहिते. मी स्कूटीवर जाते, टेन्ट घेऊन, एकटी. नवऱ्याला आवडत नाही, सासऱ्यांना आवडतं, कसं काय ते मला अजून समजलं नाही.

साकोलीकर काकांनी खळं सांगितलं, मी अंगण सांगते. गावात गेले की मी आधी आशाताई किंवा अंगणवाडीच्या मॅडमचं घर विचारते. त्या बाईला गावातलं सगळं माहीत असतं, कोणाच्या घरी दारू चालते, कोणाचा पोरगा वाह्यात, कोणाकडं सून एकटीच असते अन् बोलायला कोणी पाहिजे असतं. तिनं ज्या अंगणात बसवलं तिथं टेन्ट लावायचा, निवांत. पोलीस पाटलाला नाव-गाव सांगून ठेवायचं, आधारचा फोटो दाखवायचा. त्याचाही मान राहतो अन् रात्री कोणी विचारायला आलं तर त्यालाच उत्तर द्यावं लागतं. जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा सुट्टीच्या दिवशी चालतो, पण मुख्याध्यापकाला फोन करून, तोंडी कोणाच्या भरवशावर नाही.

प्रश्न तेच येतात. एकटीच का, नवरा कुठं, लेकरं किती, पगार किती. पहिल्यांदा चिडायचे मी. आता उलट मीच सुरू करते, तुमच्याकडं हरभरा कसा आहे, रात्रीची लाईन येते का. लाईनचा विषय काढला की अर्धा तास आरामात जातो, कारण ओलिताची थ्री फेज बरेचदा रात्रीच येते अन् घरातला माणूस थंडीत दांड फोडत उभा असतो. एका घरी तर काकू रात्री दोनला उठून त्यांच्यासाठी चहा नेत होत्या, मी टेन्टमधून मान काढली तर मलाही कप दिला, वर म्हणाल्या, बाई तू काऊन जागी? माझ्या टेन्टवर दव एवढं साचलं होतं की आतून टपकत होतं. तिथून शिकले, टेन्टच्या दोन्ही बाजूच्या जाळ्या थंडी असली तरी बोटभर उघड्या ठेवायच्या, नाहीतर आपल्याच श्वासाचं पाणी आपल्याच अंगावर.

चेन मात्र खालपर्यंत बंद. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते अन् बरेचदा चावलेलं कळतही नाही, सकाळी पोट दुखतं, डोळ्याच्या पापण्या जड होतात. असं झालं तर मांत्रिक, कडुनिंबाचा पाला काही नाही, १०८ लावायचं अन् सरळ सरकारी दवाखाना. जिथं मुक्काम तिथून ग्रामीण रुग्णालय कुठं आहे एवढं दिवसा पाहून ठेवायचं. बूट टेन्टच्या आत.

अन् कुठं थांबली ते त्याच रात्री स्टेटसवर टाकायचं नाही. दुसऱ्या दिवशी टाका न काय घाई आहे.

पांढरंसोनं (दारव्हा):
ताई तुम्ही तर माझी आई पटवायचं काम सोपं केलं, हे तिला वाचून दाखवतो. (मण्यारचं वगळून.)

मग आता असं ठरवतो. वर्ध्याला टेन्ट नाहीच, सेवाग्रामला यात्री निवास आहे तिथं. पेंचकडं दोन रात्री. साकोली-नवेगावकडं खळं. ब्रह्मपुरी पट्टा सरळ. स्वयंपाकाचं काय करता तुम्ही लोक? स्टोव्ह नेऊ का छोटा? अन् समृद्धीनं वर्ध्यापर्यंत जाता येईल का, वेळ वाचन.

बीटगार्डचा_पोरगा (सिंदेवाही):
समृद्धीवर टू-व्हीलर चालत नाही, एन्ट्रीलाच परत पाठवतील. यवतमाळ-कळंब-देवळी-वर्धा जा, रस्ता चांगला आहे. पेंचकडं हायवेनं मनसर ओलांडलं की पवनीहून सिल्लारीचा फाटा आहे. त्या हायवेला जनावरांसाठी खालून वाट ठेवली आहे, रस्ता पुलावर उचलला आहे जागोजागी, तू वरून जाशील अन् खालून कोण जात असेल काय माहीत. अंधार पडायच्या आधी सिल्लारीत पोच.

अन् तिथं एक गोष्ट नक्की कर, रात्री आकाश पाहा. २०२४ च्या जानेवारीत पेंचला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता भेटली, आजूबाजूच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून खाली तोंड असलेले लावले, वाघोलीला आकाश पाहायची सोय केली आहे. डिसेंबरात मृग नक्षत्र संध्याकाळनंतर पूर्वेला चढतं, अमावस्येच्या आसपासची तारीख धरशील तर कॅमेरा लागणार नाही. एकटेपणा पाहिजे होता न तुला, तिथं भेटेल, डोक्यावर छप्पर असलं तरी.

साकोलीकर:
स्टोव्ह ने, पन चा पुरताच. खळ्यावर तणस असते, एक ठिणगी अन् मालकाच्या बैलाचा वर्षभराचा चारा गेला, त्याच्याकून दुसऱ्याच्या खळ्यावर चूल पेटवाचीच नाही. ते जेवाले बोलावतीनच. पैसे दिले तं घेत नाही, रागावतेत, तू जाताना लेकरायसाठी बिस्किटं अन् चिवडा ने, नाहीतं तुमच्या इकडची तूरडाळ ने किलोभर, बाई खुश होते. जिथं वावरात मानसं रात्री जागलीले, पीक राखाले, असतेत तिथं त्यायच्याच शेकोटीवर गौऱ्यायच्या आरात, निखाऱ्यात, रोडगे टाक, कणीक, मीठ, थोडं तेलाचं मोहन, बस. राखेतून काढून झटकाचे, फोडाचे, वांग्याची भाजी भेटली तं नशीब, नाहीतं ठेचा अन् तेल. जागलीवाला रातभर बोलते, हाकारे देते, डबा वाजवते, झोप काही येनार नाही, पन ते ऐकाले भेटते.

आमच्याकडं सकाळी थंडी लय पडते, पारा सात-आठवर येते. गोधडी ने, ती महागाची स्लीपिंग बॅग नको. मच्छरदानी टेन्टले असतेच, तरी ओडोमॉस ठेव, गोंदिया-गडचिरोलीत मलेरिया हाय अजून. अन् ढग दिसले तं टेन्ट विसर, डिसेंबरात अवकाळी येते, गारा पडल्या तं तुझा तीन हजाराचा टेन्ट चाळनी होऊन जाईन. गावात समाजमंदिर रायतेच, तिथं शिर.

पांढरंसोनं (दारव्हा):
रोडग्याचं वाचूनच भूक लागली. एक शेवटचं, खुंट्या. आमच्या काळ्या मातीत ठोकल्या तर हातानं निघतात, जमीन भेगाळली आहे पार. तिकडं कोणत्या खुंट्या नेऊ?

रानपाखरू (चिमूर):
टेन्टसोबत येतात त्या तारेच्या खुंट्या घरीच ठेव. लोहाराकडून वीतभर सळईच्या खुंट्या, वर आकडा वळवून, करून घे. काळ्या मातीत तरी भेगेत जातातच, म्हणून खुंटीच्या भरवशावर राहायचं नाही, दोरी दगडाला नाहीतर पाण्याच्या भरलेल्या कॅनला बांधायची. अन् भेग मोठी असेल तर तिच्यावर टेन्ट नकोच, आत कोण राहतं माहीत नसतं. बाईकवर बांधायला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून घे, पंक्चरवाला फुकट देतो, त्या रबरी हुकवाल्या दोऱ्या खड्ड्यात सुटतात अन् चेनमध्ये जातात.

साकोलीकर:
अन् वडसा सोडाचा दिवस सांगतो. सकाळी नऊच्या आधी निघू नको, धुकं रायते अन् जनावर रोडवर असते. चिमूरले पोचता पोचता दुपार होईन, पोहे खा, तिथून वरोरा उजेडात होते. मधात कुठं गाडी बंद पडली तं ढकलत जंगलात थांबू नको, येनाऱ्या पहिल्या ट्रॅक्टरले हात दाखव.